दोन फेऱ्या आमच्या, चार तुमच्या

वन्सं म्हणजे यांची मोठी बहीण. वय एकसष्ट, उंची माझ्या खांद्याइतकी, आणि उजवा गुडघा असा की त्या जिना उतरू लागल्या की त्याची करकर मला खाली स्वयंपाकघरात ऐकू येते. आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतात. लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं तर म्हणतात, गाडी चालवत होते, वेळ मिळाला नाही. एकतीस वर्षं त्यांनी अँब्युलन्स चालवली.

सकाळची प्रार्थना झाली की आदल्या दिवसाच्या चार ओळी वहीत लिहायची मला सवय आहे. कोण आलं, काय बिघडलं, देवाने काय निभावून नेलं. यंदाची वही चाळली तर पानामागून पान वन्संची गाडीच आहे. मग म्हटलं, तुकड्यातुकड्याने कशाला, सगळं एकदा सलग लिहून काढावं.

त्या डेपोत लागल्या तेव्हा तिथे बाई ड्रायव्हर कोणी नव्हती. पहिल्याच दिवशी मुकादमाने त्यांना मागचं दार अडकणारी गाडी दिली आणि म्हणाला, चालवून तर दाखवा. त्यांनी ती चालवली, परत आणली, आणि दार अडकतं एवढं त्याच्याकडून सहीनिशी लिहून घेतलं. सगळा डेपो हसला. दुसऱ्या वर्षी त्याच दाराने घात केला. रुग्णाला बाहेर काढण्यात सात मिनिटं गेली आणि तो वाचला नाही. वरून निरोप आला की गाडी पोहोचल्याची वेळ कागदावर सात मिनिटं पुढे लिहा. म्हणजे उशीर ड्रायव्हरचा, दाराचा नाही. वन्संनी मुकादमाच्या सहीचा तो कागद काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला. नोकरी टिकली, दार बदललं, आणि त्यांच्या तोंडी एक वाक्य कायमचं बसलं: "लिहून द्या."

नळ दुरुस्त करणाऱ्याला लिहून द्या, दूधवाल्याला लिहून द्या. यांनी एकदा म्हटलं, येत्या रविवारी माळा साफ करतो, तर सख्ख्या धाकट्या भावाकडूनही लिहून घेतलं. तो कागद माळ्याच्या दारावर अजून चिकटवलेला आहे. माळाही तसाच आहे.

लोकांना वाटतं अँब्युलन्स वाऱ्यासारखी पळते. वन्सं म्हणतात, मागे कंबर मोडलेला माणूस असला की प्रत्येक खड्ड्याची परवानगी काढत जावं लागतं. एकतीस वर्षांत अ‍ॅक्सिलरेटर एकदाही तळाला टेकवला नाही. निवृत्तीच्या दिवशी हार घालून घरी आल्या, हार काढला, पाय पसरून बसल्या आणि म्हणाल्या, आता मला एक गाडी घ्यायची आहे जिच्या मागे कोणी मरत नसेल.

त्यांनी निवडलेली गाडी मी चित्रात पाहिली तेव्हा मला काही विशेष वाटली नाही. आखूड, पाच दारांची, मागचं दार वर उघडणारं. भाजी आणायला न्यावी अशी. पण हिच्या पोटात शर्यतीचं इंजिन आहे, असं त्या मला सांगू लागल्या, आणि सांगताना त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जात होता. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत होतं: थेट ट्रॅकसाठी सज्ज.

ट्रॅक आमच्या गावाबाहेर आहे, विमानांच्या जुन्या धावपट्टीवर. वर्षातले सहा महिने, महिन्यातून एक रविवार तो सर्वांना खुला असतो. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं, आणि प्रत्येक गटाला वीस मिनिटं मोकळं रान. वीस मिनिटांत दहा फेऱ्या होतात. गुडघ्याच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली होती ती हंगामातल्या शेवटच्या रविवारानंतरच्या गुरुवारची. सांधा बदलल्यावर बाजारहाट करायला गाडी चालवा, ते म्हणाले, पण ट्रॅकवर सगळा जोर लावून ब्रेक दाबणं विसरा.

"मला ती वीस मिनिटं हवीत," वन्सं घरी आल्यावर म्हणाल्या. "सगळी. माझ्या स्वतःच्या गुडघ्याने."

गाडीची नोंदणी त्यांनी चौदा महिने आधीच केली होती. गाडी आली असा फोन आला तेव्हा आम्ही दोघी शोरूमला गेलो. काचेच्या भिंती, पांढरी फरशी, आणि मधोमध ती, पिवळीधमक. समोरच्या काचेवर किमतीचा कागद. त्यावर छापलेली किंमत होती, आणि तिच्या खाली वेगळ्या शाईत आणखी एक ओळ होती: बाजार समायोजन. एकूण किमतीच्या पाचव्या हिश्शाएवढा आकडा.

वन्संनी मॅनेजरला विचारलं, हे काय. मॅनेजर तरुण, गोड बोलणारा, टायला सोनेरी पिन लावणारा. त्याने समजावलं की मागणी भरपूर आहे, गाड्या मोजक्या आहेत, आणि जास्त द्यायला माणसं दारात उभी आहेत.

"हे कंपनीचं आहे की तुमचं?"

"बाजाराचं आहे, मॅडम."

"मग बाजाराला बोलवा. माझ्याकडे पावती कंपनीची आहे."

मग त्यांनी त्याला ते ठरलेलं वाक्य ऐकवलं. जास्तीचे पैसे कशाचे, ते पावतीवर लिहून द्या. तो हसला. असं लिहून द्यायची पद्धत नाही म्हणाला. मॅडमना जमत नसेल तर नोंदणी रद्द करा, ठेवीचे पैसे आजच परत देतो, असं म्हणत त्याने एक अर्ज पुढे सरकवला. सही कुठे करायची तिथे फुलीसुद्धा मारून ठेवलेली होती.

चूक त्याची एवढीच की त्याने अर्ज वन्संच्या हातात दिला. त्या छापील कागद दोनदा वाचल्याशिवाय खाली ठेवत नाहीत. सहाव्या ओळीत बारीक अक्षरांत होतं की ही गाडी कंपनीत ग्राहकाच्या नावावर चढलेली आहे आणि ग्राहकाच्या सहीशिवाय दुसऱ्याला देता येणार नाही. त्यांनी अर्जाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

"मी रद्द करत नाही," त्या म्हणाल्या. "जास्तही देत नाही. गाडी माझ्या नावावर आहे, राहू दे इथेच. तुमच्याकडे ऊनपाऊस लागत नाही."

त्यानंतर दर मंगळवारी आम्ही शोरूमला जाऊ लागलो. वन्संच्या पिशवीत मऊ फडकं असे. त्या गाडी पुसत, मी खुर्चीवर बसून मनातल्या मनात नाम घेत असे. पहिल्या मंगळवारी आम्हाला चहा मिळाला. तिसऱ्या मंगळवारी चहा बंद झाला. चौथ्याला खुर्ची दिसेना, तर वन्संनी घरून घडीची खुर्ची आणली. पाचव्याला हवा मोजायचा काटा आणला आणि चारही चाकांची हवा तपासून मला आकडे लिहायला सांगितले. कोणी गिऱ्हाईक विचारी, ही गाडी विकायला आहे का, तर त्या म्हणत, नाही हो, माझीच आहे, यांच्याकडे ठेवली आहे. किमतीचा तो कागदही त्या ज्याला त्याला वाचून दाखवत.

घरी हे काकुळतीला आले. पाण्याच्या खात्यात कारकून असलेला माणूस, कुणाशी वाकडं नको हा त्यांचा धर्म. ताई, देऊन टाक, या वयात पैसा काय बरोबर न्यायचा आहे, असं त्यांनी जेवताना म्हटलं.

"मला न्यायचा नाही, म्हणून त्याला नेऊ देऊ?" वन्संनी विचारलं, आणि वाटी पुढे केली.

सातव्या आठवड्यात कंपनीचा तपासनीस यायचा होता. शोरूमच्या मधोमध सात आठवडे उभी असलेली गाडी आणि ती पुसणाऱ्या दोन बायका त्याला कशा दाखवणार? नाक दाबलं की तोंड उघडतं. सोमवारी मॅनेजरचा फोन आला. छापील किमतीत गाडी मिळाली. वन्संनी काचेवरचा कागदही मागून घेतला. तो म्हणाला, याचं आता काय काम. त्या म्हणाल्या, मी त्यावर काही लिहिणार नाही, नुसता ठेवणार.

आता माझं सांगते, कारण ते लपवलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

गाडी घरी आल्यावर पहिल्याच फेरफटक्यात पुढच्या बाजूला किडे चिकटले. वन्सं म्हणाल्या, अँब्युलन्सला आम्ही पुढून जाळी बांधायचो, रेडिएटरमध्ये किडे आणि गवताचं बी जायचं नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीची मच्छरदाणीची जाळी काढली, मापात कापली, कडेने इलॅस्टिक घातलं. एकेरी विरळ दिसत होती म्हणून दुहेरी केली. आतल्या बाजूने अशी बेमालूम बसवली की बाहेरून दिसू नये. वन्संनी पाठ थोपटली. दोघींना फार हुशारी केल्यासारखं वाटलं. अँब्युलन्स कधी ट्रॅकवर नेत नाहीत, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

गाडीची वाट पाहण्यात आणि शोरूमच्या भांडणात हंगामाचे तीन रविवार गेले होते, तीन उरले होते. पहिल्या रविवारी शेजारी एक माणूस बसवायची मुभा आहे असं कळलं. यांच्याकडे पाहिलं तर यांना आधीच घाम फुटला होता. मग मीच हेल्मेट घातलं. वन्संनी मला काम दिलं: समोरच्या पडद्यावर इंजिनाच्या तेलाचं तापमान दिसतं, प्रत्येक फेरीला ते वहीत लिहायचं. एकशे तीस झालं की गाडी स्वतःला वाचवायला ताकद कापते.

"देवाचं नाव घे," त्या म्हणाल्या, "पण आकडा चुकवू नकोस."

पहिल्या वळणावर माझं पोट मागे राहिलं आणि मी पुढे गेले. वन्संकडे पाहिलं तर त्या ओठ मिटून, डोळे लांबवर लावून, अगदी शांत. गुडघ्याची करकर इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नव्हती. आठवड्यापूर्वी जिन्यावर कठडा धरून उतरणारी बाई ती हीच का, असं मला वाटलं. पहिली फेरी अठ्ठ्याण्णव. दुसरी एकशे अकरा. तिसरी एकशे एकवीस. चौथी एकशे एकोणतीस. पाचवीच्या अर्ध्यावर पडद्यावर लाल चिन्ह आलं, पंखा घोंघावू लागला आणि गाडीतला जीव गेला. आम्ही कडेकडेने रांगत बाहेर आलो. मागून येणाऱ्या गाड्या जाताना आमच्याकडे बघत होत्या. वन्संनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं आणि चार बोटं मोजली.

गाडी शोरूमच्याच वर्कशॉपला नेली. तिथल्या फोरमनने पुढचा भाग उघडला, आत हात घातला आणि माझी जाळी बाहेर ओढली. इलॅस्टिकसकट. मॅनेजर मुद्दाम शोरूममधून आला. जाळी दोन बोटांत धरून त्याने सगळ्यांना दाखवली. कंपनीत मोठमोठे इंजिनिअर बसलेत, आणि इथे घरगुती शिवणकाम चाललंय, तो म्हणाला. चूक ग्राहकाची, विषय संपला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

वन्संनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "जाळी आमची," त्या म्हणाल्या. "लिहा."

आमची चूक लिहायला त्याचं पेन मात्र झटकन चाललं. ग्राहकाने हवा अडवणारी जाळी लावली होती, खाली त्याची सही. वन्संनी तो कागद वाचला, दोनदा, खाली आपलीही सही केली आणि म्हणाल्या, बरोबर आहे, आता जाळी नाही, आता बघू.

दुसऱ्या रविवारी जाळीशिवाय गेलो. मी पुन्हा हेल्मेट घालून शेजारी. या वेळी आकडा सावकाश चढला, पण चढला. सहाव्या फेरीअखेर एकशे एकोणतीस, आणि सातवीत लाल चिन्ह. पुन्हा रांगत बाहेर. त्या रविवारी त्याच बनावटीची आणखी एक गाडी होती, एका दंतवैद्याची. तीही सातवीतच रांगत आली. त्याने बाजार समायोजन भरलेलं होतं. आमची किंमत ऐकून तो बराच वेळ आपल्या गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला.

वर्कशॉपमध्ये वन्संनी वही उघडून हिशेब मांडला. दहा फेऱ्या हव्यात. जाळीने दोन खाल्ल्या, त्या आमच्या पदरात. उरलेल्या चार तुमच्या. फोरमन मान हलवत ऐकत होता. मॅनेजर आतल्या खोलीत गेला तेव्हा तो हळूच म्हणाला, आजी, इंजिनाचं तेल थंड करणारा कूलर लहान आहे, आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. वन्सं म्हणाल्या, लिहून द्या. तो म्हणाला, माझी नोकरी जाईल. त्यावर त्या वही मिटून म्हणाल्या, मग नको. एवढं वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

अडीच आठवड्यांनी मॅनेजरचा निरोप आला. मोठा कूलर फुकट बसवून देतो, फक्त गाडीत मुळात दोष नव्हता, गरम होणं जाळीमुळे झालं, अशा कागदावर सही करा. यांनी मध्यस्थी केली, मीही केली, खोटं कशाला बोलू. शेवटचा रविवार दहा दिवसांवर आला होता. कूलर बसला तर वीस मिनिटं मिळणार, सही नाही केली तर मिळणार नाहीत, आणि पुढच्या वर्षी तो गुडघा त्यांचा राहणार नव्हता. मी त्यांना म्हटलं, वन्सं, देवाला खरं ठाऊक आहे, कागदाचं काय एवढं.

"देवाला ठाऊक होतं, तेव्हाही सात मिनिटं माझ्या माथी मारत होतेच," त्या म्हणाल्या. "दोन फेऱ्यांवर मी सही केली. चारवर करणार नाही."

मी रात्रीच्या प्रार्थनेत त्यांच्यासाठी काय मागावं तेच मला कळेना. कूलर मागावा तर सही मागितल्यासारखं. शेवटी नुसतं त्यांचं नाव घेतलं.

शेवटच्या रविवारी ऊन रणरणत होतं. ट्रॅकच्या फाटकाशी शोरूमने तंबू ठोकला होता. त्यात त्याच बनावटीची गाडी, लाल रंगाची, वर फलक: थेट ट्रॅकसाठी सज्ज. काचेवर किमतीचा कागद, आणि खाली वेगळ्या शाईत एक ओळ. वन्संनी चष्मा लावून ती वाचली आणि पुढे निघाल्या.

रांगेत गाडी उभी केल्यावर त्यांनी खिडक्या उघडल्या आणि हीटर पूर्ण सोडला. गरम झोत तोंडावर आला तशी मी दचकले. त्या म्हणाल्या, जुनी अँब्युलन्स चढावर तापायची तेव्हा आम्ही हेच करायचो. इंजिनाची उष्णता बाहेर जात नाही ना, मग आत घ्यायची. रुग्ण कुरकुरायचे, पण पोहोचायचे. "तुला उतरायचं तर उतर," त्या म्हणाल्या. मी पट्टा आवळला.

त्या वीस मिनिटांचं मी काय लिहू. भट्टीत बसून कोणी मला गोलगोल फिरवत होतं. घाम हनुवटीवरून वहीवर पडत होता, त्या पानावरची शाई अजून पसरलेली आहे. सहावी फेरी एकशे बावीस. सातवीला मी श्वास रोखला, एकशे चोवीस. आठवी एकशे सव्वीस. नववीत वन्संनी डावा हात क्षणभर सोडून डोळ्यांतला घाम पुसला आणि काहीतरी म्हणाल्या. मला वाटलं देवाचं नाव, पण त्या हसत होत्या. सरळ पट्ट्यावर मी त्यांच्या पायाकडे पाहिलं. पाय तळाला टेकला होता. दहावी, एकशे एकोणतीस. आणि समोर वेळ संपल्याचा चौकटीचा झेंडा.

बाहेर आलो तेव्हा आम्ही दोघी विहिरीतून काढल्यासारख्या भिजलेल्या होतो. वन्संना उतरता येईना. दंतवैद्याने आणि मी धरून उतरवलं. लोक जमले. काय झालं, आग लागली का, असं विचारू लागले. वन्संनी बॉनेटला टेकून वही मागितली आणि आकडे वाचून दाखवले. जाळीचे चार, जाळीविना सहा, हीटर लावून दहा. आधी आमची चूक वाचली, मॅनेजरच्या सहीसकट. मग किमतीचे दोन्ही आकडे सांगितले. आवाज चढवला नाही. बातम्या वाचाव्यात तसं वाचलं.

मॅनेजर गर्दीतून वाट काढत आला. मॅडम, तंबूत सावलीत चला, बसून बोलू, असं म्हणाला.

"इथेच बोला," वन्सं म्हणाल्या. "जे बोलाल ते आमची वहीवाली लिहून घेईल."

मी पान उलटलं आणि पेन त्याच्यापुढे धरलं. त्याने ते घेतलं, बोटांत फिरवलं, गर्दीकडे पाहिलं, आणि परत माझ्या हातात दिलं. मी लिहिलं: काही बोलले नाहीत. दुपारच्या आत तंबूवरचा फलक उतरला. कोणी उतरवला ते मी पाहिलं नाही, पण फोरमन शिडी घेऊन जाताना दिसला.

गुरुवारी शस्त्रक्रिया झाली. संमतीचा कागद वन्संनी दोनदा वाचला आणि सहा आठवड्यांत चालाल असं म्हणणाऱ्या डॉक्टरांना काय म्हणाल्या, ते सांगायला नको. त्यांनी लिहूनही दिलं, भला माणूस. आता त्या वरच्या खोलीत पाय उशीवर ठेवून असतात. हे जाऊन येऊन गाडी पुसतात. चालवायला सांगितली तर अजून त्यांना घाम फुटतो. जाळी मी धुऊन पुन्हा स्वयंपाकघराच्या खिडकीला लावली, दुहेरीच. तिथे ती आपलं काम करते आहे.

चार फेऱ्यांचं उत्तर कंपनीकडून आलेलं नाही. वन्संनी आज पलंगावरून कंपनीला लिहायचं बारावं पत्र सांगितलं, मी लिहून घेतलं, त्यांनी दोनदा वाचून सही केली. मी टपालात टाकून आले.